झेपियन-ओमेगा सोर्समधून बसवलं, टर्मिनलवर चालतं, साइटवर मात्र ५०० एरर: पुन्हा पुन्हा येणाऱ्या बिघाडाचं मूळ आणि उपाय

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा बिघाड हाच आहे की वेगळा ते लगेच कळेल.

झेपियन ही शोधाची लायब्ररी, आणि ओमेगा हा तिच्यावर चालणारा साइटचा शोध. झेपियनचा टारबॉल (सोर्स कोडचं गाठोडं) उतरवला. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, तिन्ही पायऱ्या एकही एरर न येता पार पडल्या. त्याच पद्धतीने ओमेगा बसवलं. मग ओमेगा चालवायला गेलं की एका ओळीत उत्तर येतं: लिबझेपियन.एसओ.३० ही शेअर्ड लायब्ररी उघडता येत नाही, अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. आणि फाइल तर तिथेच आहे! एलएस मारलं की /यूएसआर/लोकल/लिब मध्ये ठळक दिसते. एखादी ओळ टर्मिनलमध्ये टाकून पर्यावरणातलं व्हेरिएबल बदललं की ओमेगा चालतं, आपण सुटकेचा श्वास सोडतो. मग ब्राउझरमधून शोध घेतला की ५०० क्रमांकाची एरर. तीही काही तरी करून मिटवली, तर महिन्याभराने कळतं की नवीन मजकूर शोधात येतच नाही.

हे तीन वेगळे बिघाड वाटतात. तो एकच आहे. मी एका तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची साइट सांभाळतो. वाचनालयाचे जुने अंक, स्मरणिका, ग्रंथयादी असं बरंच काही तिथे आहे आणि त्यावर शोध चालतो तो ओमेगाचा. या एका बिघाडाने मला तीनदा गाठलं. प्रत्येक वेळी मी लक्षण मिटवलं आणि मूळ तसंच ठेवलं. मूळ कुठे आहे ते समजायला मला जेवढा वेळ लागला तेवढा कुणाचा जाऊ नये, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

एक सूचना: आज्ञा, फाइलींची नावं आणि पाथ इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच ते रोमन लिपीत टाइप करायचे.

झेपियन (उच्चार 'झे-पि-यन' असाच करतात) ही सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली शोधाची लायब्ररी आहे, जीपीएल परवान्याखाली मुक्त. तिचं मूळ १९८० च्या दशकात केंब्रिजमध्ये मार्टिन पोर्टर यांनी केलेल्या मस्कॅट या प्रणालीत आहे. इंग्रजी शब्दांची मूळ रूपं काढणारा १९८० साली प्रसिद्ध झालेला पोर्टर स्टेमर त्यांचाच. ओमेगा हा त्या लायब्ररीवर उभा असलेला तयार शोध: ओमइंडेक्स नावाचा प्रोग्रॅम साइटच्या फाइली वाचून अनुक्रमणिका बनवतो, आणि ओमेगा नावाचा सीजीआय (वेब सर्व्हरने मागणीसरशी चालवायचा) प्रोग्रॅम वाचकाचा शब्द घेऊन निकालाचं पान बनवतो. दोन भाग, दोन वेगळे टारबॉल. बिघाड या दोघांच्या सांध्यावर होतो.

डेबियन आणि उबंटूवर हे सगळं तयार पॅकेजमध्ये मिळतं. ज्यांचं त्यात भागतं त्यांनी तेच बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मला डिस्ट्रोतल्यापेक्षा (डेबियनच्या तयार पॅकेजपेक्षा) पुढची आवृत्ती हवी होती म्हणून सोर्सकडे वळलो. माझा सर्व्हर डेबियन १२ चा, झेपियन १.४ मालिकेतलं. पुढचं सगळं त्या अनुभवावर आधारलेलं आहे.

फाइल असूनही सापडत का नाही

प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लागणाऱ्या लायब्ररी शोधण्याचं काम लोडर करतो. तो संपूर्ण डिस्क धुंडाळत नाही. ढोबळमानाने तो चार ठिकाणी बघतो: प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच एखादा पाथ कोरलेला असेल तर तिथे, एलडी_लायब्ररी_पाथ या व्हेरिएबलमध्ये दिलेल्या डिरेक्टरीत, /इटीसी/एलडी.एसओ.कॅश या तयार यादीत, आणि शेवटी /लिब व /यूएसआर/लिब या ठरावीक जागी. /यूएसआर/लोकल/लिब या चौथ्या गटात येत नाही. डेबियनमध्ये ती डिरेक्टरी एलडीकॉन्फिगच्या (कॅश बनवणाऱ्या आज्ञेच्या) सेटिंगमध्ये नोंदलेली असते, पण लोडर सेटिंग वाचत नाही, तो कॅश वाचतो. कॅश नव्याने बनवली नाही तोवर नवीन लायब्ररी त्याच्या लेखी नाहीच.

आता मेक इन्स्टॉलच्या वेळी पडद्यावर काय सरकतं ते एकदा नीट बघा. लिबटूल (बिल्डमधलं मदतनीस साधन) फाइली कॉपी करतो आणि शेवटी एलडीकॉन्फिग चालवतो. ती ओळ मी स्वतः पाहिली होती आणि निर्धास्त झालो होतो. पण त्या ओळीत एलडीकॉन्फिगच्या पुढे 'उणे एन' असा पर्याय असतो. त्याचा अर्थ: फक्त सांगितलेल्या डिरेक्टरीतल्या जोडण्या, म्हणजे सिमलिंक, नीट कर, कॅशला हात लावू नकोस. म्हणजे एलडीकॉन्फिग चालला हे खरं, आणि कॅश जुनीच राहिली हेही खरं. या एका अक्षराने माझी एक अख्खी रात्र गेली.

त्याखाली आडव्या रेघांमध्ये एक लांब सूचना छापली जाते. 'लायब्ररी अमुक ठिकाणी बसवल्या आहेत' अशी सुरुवात आणि पुढे चार मार्ग: एलडी_लायब्ररी_पाथ मध्ये डिरेक्टरी घाला, एलडी_रन_पाथ वापरा, लिंकरला आरपाथचा (प्रोग्रॅमच्या फाइलमध्येच पाथ कोरण्याचा) पर्याय द्या, किंवा सर्व्हरच्या प्रशासकाला सांगून डिरेक्टरी सिस्टिमच्या सेटिंगमध्ये नोंदवून घ्या. सूचना अगदी प्रामाणिक आहे. पण यादीत पहिला मार्ग जो आहे तोच बहुतेक जण उचलतात, आणि सर्व्हरवर कायम चालणाऱ्या कामासाठी तोच सर्वांत कच्चा आहे.

तात्पुरते उपाय आणि ते कसे उलटतात

पहिल्या वेळी मी एलडी_लायब्ररी_पाथची ओळ माझ्या बॅशआरसी फाइलमध्ये घातली. टर्मिनल उघडलं की व्हेरिएबल तयार, ओमेगा चालतं. पण ते व्हेरिएबल माझ्या शेलपुरतं. अपाचे हा वेब सर्व्हर सिस्टमडीकडून (सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमकडून) सुरू होतो, त्याला माझ्या बॅशआरसीशी देणंघेणं नाही. म्हणून ब्राउझरमध्ये ५००, आणि अपाचेच्या एरर लॉगमध्ये 'हेडर येण्याआधीच स्क्रिप्टचं आउटपुट संपलं' अशा अर्थाची ओळ. तिच्या आसपास बारकाईने बघितलं तर लायब्ररी उघडता न आल्याची मूळ तक्रारही लॉगमध्ये असते. ही मूळ तक्रार शोधणं महत्त्वाचं, कारण ५०० येण्याची कारणं ढीगभर असतात.

इथे आणखी एक गोम. सुडो लावून, म्हणजे रूटच्या (प्रशासकाच्या) अधिकाराने, चालवलं तरी व्हेरिएबल गळून पडतं. एलडीने सुरू होणारी व्हेरिएबल सुरक्षेसाठी सुडो पुढे जाऊ देत नाही. त्यामुळे 'माझ्या नावाने चालतं, रूटने चालत नाही' असं उलटं चित्र दिसतं आणि माणूस परवानग्यांच्या मागे लागतो.

दुसऱ्या वेळी मी शहाणपणा करून अपाचेच्या सेटिंगमध्ये तेच व्हेरिएबल देणारी सेटएन्व्हची ओळ घातली. ब्राउझरमध्ये शोध सुरू झाला. मी काम संपलं असं समजलो.

साधारण पाच आठवड्यांनी वाचनालयातून ग्रंथपाल ताईंचा फोन आला.

"दादा, परवाचा अंक चढवलाय तुम्ही. यादीत दिसतोय. पण शोधलं की 'काही सापडलं नाही' म्हणतं."

"ताई, कोणता शब्द टाकलात?"

"अंकाचंच नाव टाकलं. मागच्या महिन्यातला अंकही येत नाही. त्याआधीचे सगळे येतात."

मागच्या महिन्यापासून. म्हणजे मी सोर्समधलं ओमेगा बसवून अपाचेची ओळ घातली, त्या सुमारापासून. रात्री दोन वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) ओमइंडेक्स चालत होता, नव्हे, चालायला उठत होता आणि लायब्ररी न मिळाल्याने पहिल्याच क्षणी पडत होता. क्रॉनचं स्वतःचं पर्यावरण अगदी मोजकं असतं, त्यात ना बॅशआरसी ना सेटएन्व्ह. रोज रात्रीची तक्रार रूटच्या मेलबॉक्समध्ये जमा होत होती. तो मेलबॉक्स कुणीच उघडत नव्हतं. आणि जुनी अनुक्रमणिका शाबूत असल्यामुळे साइटवर सगळं सुरळीत दिसत होतं. या बिघाडाचा हाच सर्वांत वाईट चेहरा आहे. ५०० एरर निदान ओरडते तरी. शिळी अनुक्रमणिका गप्प बसते आणि वाचकाला 'तुमच्याकडे हा अंक नाहीच' असं खोटं सांगते. जो माणूस आपल्या आजोबांचा लेख शोधायला आला आणि रिकाम्या हाताने गेला तो परत येऊन तक्रार करत नाही.

तिसऱ्यांदा हा बिघाड सर्व्हर बदलताना आला. तोपर्यंत मी एलडीकॉन्फिग चालवून कॅश नीट केली होती. नव्या मशीनवर /यूएसआर/लोकल जसंच्या तसं आरसिंकने नेलं. कॅश /इटीसीत राहते, ती मागे राहिली. पुन्हा तोच बिघाड, फक्त तक्रारीची ओळ निराळी; ती पुढे सांगतो.

आणखी दोन उपाय लोक सुचवतात, दोन्ही करू नका. एक, एसओ फाइल उचलून /यूएसआर/लिब मध्ये टाकणं. तिथल्या फाइली पॅकेज मॅनेजरच्या मालकीच्या आहेत, पुढच्या अपग्रेडला कोण कुणावर लिहील सांगता येत नाही. दुसरा त्याहून घातक: जुन्या लिबझेपियन.एसओ.२२ ला लिबझेपियन.एसओ.३० या नावाचा सिमलिंक करणं. २२ ही १.२ मालिकेची लायब्ररी, ३० ही १.४ ची. आकडा बदलला म्हणजे बायनरी पातळीवर दोन्हींची रचना जुळत नाही. असा प्रोग्रॅम कधी सुरूच होत नाही, कधी मध्येच कोसळतो, आणि अनुक्रमणिका लिहिताना कोसळला तर निस्तरायला जास्तीचं काम.

निदान: प्रोग्रॅम कोऱ्या पर्यावरणात चालवून बघा

उपायाआधी एक चाचणी शिकून घ्या. ती मला पहिल्या दिवशी माहीत असती तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आपल्या टर्मिनलमध्ये चाचणी घेणं म्हणजे घरच्या हौदात पोहून समुद्राचा अंदाज घेणं. अपाचे आणि क्रॉन ज्या परिस्थितीत प्रोग्रॅम चालवतात ती परिस्थिती उभी करा. सुडो वापरून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वापरकर्त्याच्या नावाने (डेबियनवर अपाचे याच नावाने चालतो), आणि 'एन्व्ह उणे आय' हे पुढे लावून ओमेगा पूर्ण पाथसकट चालवा. एन्व्हचा हा पर्याय सगळी व्हेरिएबल पुसून टाकतो. ओमेगाला शोधाचा शब्द थेट आज्ञेच्या ओळीवर देता येतो: 'पी=' आणि पुढे शब्द. कोऱ्या पर्यावरणात निकालाचं एचटीएमएल पडद्यावर आलं तर लायब्ररीचा प्रश्न सुटला. हीच परीक्षा ओमइंडेक्सचीही घ्या, ज्या वापरकर्त्याच्या नावाने क्रॉन चालतो त्याच्या नावाने.

सोबत एलडीडी चालवा. ओमेगाच्या फाइलवर एलडीडी मारलं की प्रत्येक लायब्ररीपुढे ती कुठून उचलली जाते ते दिसतं. झेपियनच्या ओळीपुढे 'नॉट फाउंड' असेल तर वर लिहिलेलाच बिघाड. पण पाथ दिसला तरी तो वाचा! माझ्या नव्या मशीनवर डेबियनचं लिबझेपियन३० हे पॅकेजही होतं, ॲप्टिट्यूड या पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रॅमसोबत आलेलं. कॅश ताजी नसल्यामुळे माझं नवं ओमेगा डिस्ट्रोच्या जुन्या लायब्ररीवर चालू पाहत होतं. दोन्हींचं नाव लिबझेपियन.एसओ.३० च, त्यामुळे 'सापडत नाही' ही तक्रार नव्हती. 'अमुक सिम्बॉल नाही' अशी निराळीच तक्रार होती. त्या ओळीचा अर्थ नेटवर शोधत बसू नका. एलडीडीने दाखवलेला पाथ बघा, कारण तिथेच असतं.

उपाय

झटपट उपाय असा: रूटच्या अधिकाराने एलडीकॉन्फिग नुसता, कोणताही पर्याय न देता चालवा. मग 'एलडीकॉन्फिग उणे पी' ची यादी ग्रेपमधून गाळून झेपियनची ओळ दिसते का ते बघा. डेबियन-उबंटूवर एवढं पुरतं. रेड हॅटच्या घराण्यातल्या सिस्टिमवर, म्हणजे रॉकी, अल्मा वगैरे, /यूएसआर/लोकल/लिब सेटिंगमध्ये मुळात नोंदलेली नसते; तिथे /इटीसी/एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये एक छोटी फाइल करून त्यात तो पाथ लिहायचा आणि मग एलडीकॉन्फिग चालवायचा.

हा उपाय योग्य आहे, पण त्याची एक बाजू लक्षात ठेवा. डेबियनमध्ये /यूएसआर/लोकल/लिब चा क्रम डिस्ट्रोच्या डिरेक्टरीच्या आधी लागतो. म्हणजे कॅश ताजी केल्यावर तुमची लायब्ररी फक्त ओमेगाच नाही, तर ॲप्टिट्यूडसुद्धा वापरू लागतो. तुम्ही बनवलेल्या लायब्ररीत काही खोट राहिली तर पॅकेज बसवण्याचं हत्यारच लंगडं होईल. मला ही जोखीम नको वाटते.

म्हणून मी स्वतः दुसरा मार्ग धरला, आणि तोच सुचवतो: झेपियनला स्वतंत्र घर द्या आणि त्या घराचा पत्ता ओमेगाच्या फाइलमध्येच कोरून ठेवा.

आधी जुन्या सोर्स डिरेक्टरीत जाऊन मेक अनइन्स्टॉल करा, ओमेगा आणि झेपियन दोन्हींचं. मग एलडीकॉन्फिग. टारबॉल नव्या, रिकाम्या डिरेक्टरीत सोडा. जुन्याच डिरेक्टरीत परत बिल्ड केलं तर मागच्या कॉन्फिगरचे अवशेष मध्ये येतात. झेपियन आणि ओमेगा एकाच आवृत्तीचे घ्या. झेपियनचा गाभा कॉन्फिगर करताना प्रीफिक्स (बसवण्याची जागा) /ऑप्ट/झेपियन द्या. मेक, मेक इन्स्टॉल.

ओमेगाच्या कॉन्फिगरला तीन-चार गोष्टी सांगायच्या. प्रीफिक्स तोच. सिसकॉन्फडिर /इटीसी, म्हणजे ओमेगा.कॉन्फ ही फाइल ओळखीच्या जागी राहते. झेपियन_कॉन्फिग या व्हेरिएबलमध्ये /ऑप्ट/झेपियन/बिन मधल्या झेपियन-कॉन्फिगचा पूर्ण पाथ. आणि एलडीफ्लॅग्जमध्ये आरपाथचा पर्याय /ऑप्ट/झेपियन/लिब सह. तो लिंकरपर्यंत पोचवायला आधी 'उणे डब्ल्यूएल, स्वल्पविराम' लागतो.

यातलं झेपियन_कॉन्फिग विसरू नका. झेपियन-कॉन्फिग हा छोटा स्क्रिप्ट असतो, हेडर आणि लायब्ररी कुठे आहेत ते तो बिल्डला सांगतो. मशीनवर डिस्ट्रोचं डेव्ह पॅकेज असेल तर /यूएसआर/बिन मध्येही एक झेपियन-कॉन्फिग असतो, आणि पूर्ण पाथ दिला नाही तर तोच आधी सापडतो. मग ओमेगा बिनतक्रार बनतं, पण जुन्या लायब्ररीसाठी. झेपियन-कॉन्फिगच नाही असं कॉन्फिगर म्हणत असेल तर उलट बरं, निदान थांबून सांगतं तरी.

बनलं की तीन गोष्टी तपासा. एलडीडीमध्ये झेपियनपुढे /ऑप्ट/झेपियन/लिब दिसलं पाहिजे. रीडएल्फला 'उणे डी' देऊन ओमेगाच्या फाइलवर चालवलं की रनपाथ किंवा आरपाथ या नावाच्या ओळीत तोच पाथ दिसला पाहिजे. आणि वरची कोऱ्या पर्यावरणातली चाचणी. तिन्ही जमल्या की बॅशआरसीतली आणि अपाचेतली जुनी ओळ शोधून काढून टाका. ती राहू दिली तर उद्या दुसरीच लायब्ररी मध्ये घुसवायला कारण होईल. सर्व्हर बदलताना लायब्ररीपुरतं /ऑप्ट/झेपियन नेलं की पुरे, कॅशचा संबंधच राहत नाही.

बिल्डच होत नसेल तर

इथे थोडक्यात, कारण या अडचणी स्वतःहून बोलतात. कॉन्फिगर झेडलिब, लिबमॅजिक किंवा पीसीआरई नाही म्हणत असेल आणि तुम्हाला पॅकेज तर दिसतंय, तर तुमच्याकडे फक्त चालवायचं पॅकेज आहे. बिल्डला हेडर लागतात आणि ते नावाच्या शेवटी 'डेव्ह' असलेल्या पॅकेजमध्ये असतात. नेमकं काय अडलं ते पडद्यावरच्या शेवटच्या ओळीपेक्षा कॉन्फिग.लॉग मध्ये नीट कळतं.

१ जीबी मेमरीच्या छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) मेक मध्येच 'किल्ड' म्हणून थांबला, तर कोडमध्ये चूक शोधू नका. सी प्लस प्लसचा कंपायलर एकेका मोठ्या फाइलला भरपूर मेमरी खातो, आणि मेमरी संपली की कर्नल त्याला मारून टाकतो. डीमेसेजमध्ये तशी नोंद सापडते. मेकला 'उणे जे' देऊन अनेक कामं एकदम लावली असतील तर ते काढा, २ जीबीची स्वॅप फाइल जोडा आणि मेक परत चालवा. तो थांबला तिथूनच पुढे जाईल.

लायब्ररी सापडली, तरीही ५००

ओमेगा बसतं ते /ऑप्ट/झेपियन/लिब/झेपियन-ओमेगा/बिन मध्ये. तिथून ते अपाचेच्या सीजीआय डिरेक्टरीत कॉपी करायचं किंवा स्क्रिप्टएलियस लावायचा. डेबियनवर सीजीआय मॉड्यूल आपणहून सुरू नसतं; ब्राउझर पान दाखवायच्या ऐवजी फाइल उतरवायला देत असेल तर हेच कारण.

सेटिंगची फाइल ओमेगा कुठे बघतं हेही माहीत हवं: आधी ओमेगा_कॉन्फिग_फाइल या व्हेरिएबलमध्ये, मग चालू डिरेक्टरीत, मग सिसकॉन्फडिरमध्ये. डेटाबेस_डिर आणि टेम्प्लेट_डिर या दोन ओळी तिथे बरोबर आहेत ना बघा. टेम्प्लेटच्या फाइली त्या जागी स्वतः ठेवाव्या लागतात, हे अनेकांकडून राहतं. डेटाबेस रूटच्या नावाने कडक उमास्कवर (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणाऱ्या सेटिंगवर) बनवला असेल तर डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाला तो वाचता येत नाही. कोऱ्या पर्यावरणातली चाचणी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटाच्या नावाने घ्या म्हणालो ते यासाठीच, रूटने घेतली तर हे लपून राहतं.

रेड हॅट घराण्यात एसईलिनक्स (फाइलींना लेबलं लावून परवानगी ठरवणारा सुरक्षेचा थर) सुरू असतं. तिथे घरच्या डिरेक्टरीत बनवलेली फाइल एमव्हीने सीजीआय डिरेक्टरीत हलवली तर ती जुनं लेबल घेऊन जाते आणि अपाचेला चालवता येत नाही. सीपीने कॉपी केली तर नव्या जागेचं लेबल मिळतं. हलवून झालंच असेल तर रिस्टोरकॉन चालवा. त्यासाठी एसईलिनक्स बंद करायची गरज नाही.

निकाल शून्य, पण बिल्ड शाबूत

हे वेगळं प्रकरण आहे, पण मराठी साइटवाले याला वरचाच बिघाड समजून पुन्हा पुन्हा बिल्ड करत बसतात, म्हणून इथे घेतो.

युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेल्या पीडीएफमधून पीडीएफटूटेक्स्ट जो मजकूर काढतो तो रोमन अक्षरांचा गोंधळ असतो. पानावर देवनागरी दिसते, आत ती नसतेच. अशी एक पीडीएफ हाताने टेक्स्टमध्ये काढून डोळ्यांनी वाचा. तिथेच वाचता येत नसेल तर ओमइंडेक्स काय करणार? आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल.

दुसरी गोष्ट आपल्या ऱ्य आणि ऱ्ह ची. 'आचाऱ्यांना' हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोड ०९३१, आणि पुढे हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. झेपियन मात्र शब्दातला तो जोडक गाळून टाकतं. उरतं काय? र, हलन्त, य: म्हणजे 'आचार्यांना'. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचा लेख आणि गुरुकुलातल्या आचार्यांचा लेख अनुक्रमणिकेत एकाच शब्दाखाली जातात, आणि वाचकाने ऱ वापरून 'आचाऱ्यांना' टाइप केलं तर आचाऱ्यांचा लेख येतच नाही. दर्या आणि दऱ्या यांचंही तेच. आमच्या जुन्या अंकांत दोन्ही पद्धतींचं टायपिंग होतं, कारण वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी ते केलं.

यावर मी एक छोटा स्क्रिप्ट लिहिला: र-हलन्त-जोडक दिसलं की तिथे ऱ-हलन्त घालायचं. ओमइंडेक्सला फिल्टरचा पर्याय असतो, त्यात पीडीएफसाठी नुसत्या पीडीएफटूटेक्स्टऐवजी हा स्क्रिप्ट दिला. एचटीएमएल फाइली एकदाच बदलून घेतल्या. वाचकाने टाइप केलेल्या शब्दावरही ओमेगाकडे जाण्याआधी हाच बदल होतो. नंतर अनुक्रमणिका मुळापासून नवी बनवली, कारण न बदललेल्या फाइली ओमइंडेक्स पुन्हा वाचत नाही.

तिसरं, १.४ मालिकेत मराठीचा स्टेमर नाही. 'पुस्तक' शोधलं तर 'पुस्तकाचा', 'पुस्तकात' येत नाहीत. टेम्प्लेटमध्ये फ्लॅग_वाइल्डकार्ड चालू केला की वाचकाला 'पुस्तक' च्या पुढे तारा लावून शोधता येतं. 'पाणी' सारख्या शब्दाला 'पाण' पर्यंतच लिहून तारा लावावा लागतो, नाहीतर 'पाण्यात' सुटतं. शोधाच्या चौकटीखाली आम्ही हे उदाहरणासकट छापलं आहे.

क्रॉनवर लक्ष

रात्रीच्या स्क्रिप्टमध्ये ओमइंडेक्सचा पूर्ण पाथ लिहा, कारण क्रॉनच्या पाथमध्ये /ऑप्ट नसतं. ओमइंडेक्स अपयशी ठरला तर मेल अशा पत्त्यावर जाऊ द्या जो कुणी तरी रोज बघतं. त्याच स्क्रिप्टच्या शेवटी मी झेपियन-डेल्व्ह चालवतो. तो अनुक्रमणिकेत किती दस्तऐवज आहेत तो आकडा देतो. आकडा तारखेसह एका फाइलीत जमा होतो. नवीन अंक चढवला आणि दुसऱ्या दिवशी आकडा वाढला नाही, तर काही तरी अडलंय.

सोर्सची डिरेक्टरी पुसू नका. कॉन्फिग.लॉग च्या सुरुवातीलाच तुम्ही दिलेली कॉन्फिगरची पूर्ण ओळ असते, पुढच्या अपग्रेडला ती जशीच्या तशी लागते. मी ती छापून वाचनालयाच्या दप्तरातही ठेवली आहे, सर्व्हरच्या कागदपत्रांसोबत. आणि ताईंनी आपणहून एक सवय लावून घेतली आहे: अंक चढवला की दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालय उघडल्यावर त्या अंकाच्या शेवटच्या पानावरचा एखादा शब्द शोधून बघतात, आणि मला फक्त 'आलं' एवढाच निरोप पाठवतात.